पापभीरू की विश्वासू? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

(जुहू येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आवाज नीट येत नव्हता अशी तक्रार होती, म्हणून आज माईक जवळ घेतला आहे. मागच्या रांगेत ऐकू येत नसेल तर हात वर करा. माझ्या वर्गात पस्तीस वर्षं कोणी हात वर केला नाही. पण तो ऐकू येत असल्याचा पुरावा नव्हता, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आजचा विषय मला दिलेला आहे. ‘रोजच्या ख्रिस्ती जीवनात विश्वासाने चालणे आणि पापापासून दूर राहणे.’ विषय वाचून मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी प्रवचनकार नाही. तत्त्वज्ञान शिकवलं, किर्केगारवर प्रबंध लिहिला, आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. एवढ्या भांडवलावर दुसऱ्याला पाप कसं टाळावं हे सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं. मग ठरवलं, उपदेश करायचा नाही. एका पुस्तकाची समीक्षा करायची. ते पुस्तक आपल्या सगळ्यांच्या घरात असतं, निदान शाळेच्या क्रमिक पुस्तकातून तरी त्याचा तुकडा येऊन गेलेला असतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, शेवटचा लक्ष्मीबाई गेल्यानंतर.

तुम्ही म्हणाल, या पुस्तकात पाप कुठे आहे? त्यात तर विनोद आहे, संसार आहे, एक विलक्षण नवरा आहे आणि त्याच्याहून विलक्षण बायको आहे. बरोबर. मराठी समीक्षेनंही बहुतेक वेळा हेच सांगितलं. प्रांजळ आत्मचरित्र, घरगुती भाषा, खुसखुशीत विनोद. सगळं खरं आहे. पण या कौतुकात एक गोष्ट निसटली असं माझं म्हणणं आहे. श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी मुरते, कशी अडते, कशी चुकते, यावरचं इतकं प्रामाणिक मराठी पुस्तक दुसरं मला ठाऊक नाही. आपण ते ‘संसाराचं पुस्तक’ म्हणून एका कपाटात ठेवलं आणि धर्माची पुस्तकं दुसऱ्या कपाटात. ही वाटणीच चुकीची आहे. ती का चुकीची, ते आज बघू या.

सुरुवात एका शब्दापासून करतो. ‘पापभीरू’. मराठीत हा शब्द प्रशंसेचा आहे. मुलीसाठी स्थळ सांगून आलं की म्हणतात, मुलगा पापभीरू आहे. बँकेतल्या एखाद्या जुन्या खजिनदाराबद्दल म्हणतात, माणूस मोठा पापभीरू, पाच पैशांचा घोटाळा करणार नाही. या शब्दाची फोड करा. पापाला भिणारा. म्हणजे ज्या गुणाचं आपण कौतुक करतोय त्याच्या मुळाशी भीती आहे. चांगुलपणाला आपण भीतीचं नाव दिलेलं आहे आणि आपल्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

आता दुसरा शब्द घ्या. ‘विश्वासू’. हा वेगळ्या घरचा शब्द आहे. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्यानं भरवसा ठेवावा असा. पापभीरू माणूस एकटा असू शकतो, खोलीचं दार लावून बसला तरी तो पापभीरूच राहील. विश्वासू माणसाला मात्र समोर दुसरं कोणी तरी लागतं. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ हा शब्द आहे. त्यात विश्वास ठेवणं आणि विश्वासाला पात्र असणं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत त्याचे दोन शब्द झाले: विश्वासणारा आणि विश्वासू. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘विश्वासणारे’ पुष्कळ झाले. ‘विश्वासू’ किती, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. तर मुद्दा असा, की विश्वासाने चालणं आणि पाप टाळणं ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत असं आपण धरून चालतो. निमंत्रणपत्रिकेतही ‘आणि’ घालून ती जोडलेली आहेत. त्या ‘आणि’बद्दलच मला शंका आहे.

आता पुस्तकाकडे येऊ. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, गोखल्यांचं. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा भेटतं ते वडिलांचं सोवळं. आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. शिवाशिव, धुणं, पुन्हा धुणं. घरातली बायकामुलं त्या पाण्यात अक्षरशः गारठून गेलेली. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, आपणही हसतो. पण जरा थांबून बघा. हा माणूस दुष्ट आहे का? अजिबात नाही. तो आयुष्यभर पाप टाळतोय. त्याच्या इतकं कसोशीनं पाप टाळणारा माणूस त्या पंचक्रोशीत नसेल. आणि त्याचा परिणाम काय? घरातल्या प्रत्येक माणसाला त्रास. पाप म्हणजे बाहेरून लागणारा डाग, आणि धर्म म्हणजे तो डाग लागू न देण्याची दक्षता, असं एकदा मानलं की हे असंच होणार. जवळ येणारा प्रत्येक माणूस संशयित ठरतो.

मार्कच्या सातव्या अध्यायात नेमका हाच वाद आहे. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवरून परुशी येशूला जाब विचारतात. येशूचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीनं माणूस विटाळत नाही, आतून बाहेर पडणाऱ्या गोष्टीनं विटाळतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण मला तो खऱ्या अर्थानं कळला तो ‘स्मृतिचित्रे’ची पहिली प्रकरणं वाचताना. परुशी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लांब झग्याचा, दाढीवाला, कपटी माणूस यायचा. लक्ष्मीबाईंनी मला परुशी दाखवला तो आजोळच्या कोणासारखा, मायेचा, पण ओलेत्यानं कुडकुडणारा.

पुढची हकीकत थोडक्यात. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. जवळपास साडेचार वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग मुलाला, दत्तूला, घेऊन नगरला आल्या. पण आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि हे सगळं त्या लपवत नाहीत. बाप्तिस्म्याच्या गोष्टी सांगणारी पुस्तकं आपल्याकडे बरीच आहेत. त्यात एक दिवस प्रकाश पडतो, अंधार जातो, आणि नंतरचं पान वेगळंच असतं. इथे तसं नाही. लक्ष्मीबाईंचं पहिलं परिवर्तन देवाबद्दल नाही, जातीबद्दल आहे. एकट्या बसून त्या विचार करतात. माणसामाणसांतला हा भेद देवानं केला की माणसानं? उत्तर मिळतं: माणसानं. आणि मग त्या ठरवतात की आता कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं प्यायचं. ख्रिस्तावरचा विश्वास, बाप्तिस्मा, ही सगळी पुढची पावलं. तो झाला १९०० साली.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी सिद्धांत आणि मग आचरण, असं आपण शिकवतो. इथे आधी पाण्याचा पेला आहे. दुसऱ्याच्या हातून पेला घेणं म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणं. ज्या बाईला माणसावर विश्वास टाकता आला, तिला देवावरही टाकता आला. उलटं झालं असतं तर? आधी बाप्तिस्मा झाला असता आणि वेगळा पेला तसाच राहिला असता तर? तर ती ‘विश्वासणारी’ झाली असती. विश्वासू झाली असती का, सांगता येत नाही.

तुलनेसाठी बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ घ्या. १८५७चं पुस्तक, मराठी कादंबरीच्या इतिहासात पहिल्या रांगेतलं. विधवांचं दुःख मराठीत इतक्या ठामपणे त्याआधी कोणी मांडलं नव्हतं. त्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण त्यातली माणसं बोलायला लागली की व्याख्यान सुरू होतं. (हसू) हो, मी हे बोलतोय हे मला कळतंय. तिथे पाप हा वादाचा विषय आहे. कोणता धर्म पापातून सोडवतो, यावर युक्तिवाद आहे, आणि युक्तिवादात लेखकाची बाजू जिंकणार हे आधीच ठरलेलं आहे. ‘स्मृतिचित्रे’त कोणी वाद जिंकत नाही. लक्ष्मीबाई जिंकण्यासाठी लिहीत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसतो. विश्वासाबद्दल लिहिताना लेखकानं विश्वासू असणं ही पहिली अट आहे. वाङ्मयीन गुण आणि धार्मिक गुण इथे एकच होतात. म्हणून म्हटलं, दोन कपाटांची वाटणी चुकीची आहे.

आता बायबलमधला एक दृष्टांत घेतो, कारण माझ्या युक्तिवादाचा कणा तो आहे. मत्तयाचा पंचविसावा अध्याय. धनी परगावी जाताना तीन दासांना पैसे देतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. दिनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात. तिसरा जमीन खणून आपला तालांत पुरून ठेवतो. धनी परत येतो तेव्हा जसाच्या तसा परत देतो.

मला सांगा, या तिसऱ्यानं पाप कोणतं केलं? चोरी केली नाही. उधळले नाहीत. खोटं बोलला नाही. पै न पै परत दिली. आपल्या भाषेत हा अस्सल पापभीरू माणूस. सोसायटीचा खजिनदार म्हणून आपण याला बिनविरोध निवडून देऊ! पण दृष्टांतात त्यालाच बाहेर काढलं जातं. का, ते तो स्वतःच सांगतो: मी भ्यालो, आणि पुरून ठेवलं. धनी त्याला जो शब्द वापरतो त्याचं भाषांतर मराठीत ‘आळशी’ असं होतं. ग्रीक शब्दात आणखी एक छटा आहे: कचरणारा, पाय मागे घेणारा. आणि पहिल्या दोघांना शाबासकी देताना कोणता शब्द आहे? विश्वासू. म्हणजे एकाच गोष्टीत आमनेसामने उभे आहेत ते पुण्यवान आणि पापी नव्हेत. विश्वासू आणि भ्यालेला, असे ते उभे आहेत.

किर्केगारनं १८४९च्या ‘द सिकनेस अन्टू डेथ’ या ग्रंथात हेच सूत्ररूपानं मांडलं. त्याच्या मते पापाच्या विरुद्ध टोकाला सद्गुण नाही, विश्वास आहे. त्यासाठी तो पौलाच्या रोमकरांस पत्राचा, चौदाव्या अध्यायाचा आधार घेतो. मी हे वाक्य तिशीत वाचलं, त्यावर शंभरेक पानं लिहिली, पदवी मिळाली. अर्थ कळायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. ते कसं, ते आता सांगतो. ही माझी स्वतःची चूक आहे, कोणावर ढकलायची नाही.

आमची इमारत इथून फार दूर नाही. नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या कमिटीवर होतो. एका बैठकीत ठराव आला की घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि डिलिव्हरीवाल्या मुलांनी मागची लिफ्ट वापरावी, पुढची रहिवाशांसाठी राहू द्यावी. कारणं सभ्य होती. गर्दी, सुरक्षितता, वेळ. मी काही बोललो नाही. विरोध केला नाही, बाजूनेही बोललो नाही. सही मात्र केली. घरी आलो, जेवलो, प्रार्थना केली. रात्री झोपताना दिवसाचा झाडा घ्यायची सवय मला लहानपणापासून आहे, माझ्या आजोबांनी लावलेली. कोणाला टाकून बोललो का? नाही. खोटं बोललो का? नाही. कोणाचं काही लुबाडलं? नाही. दिवस स्वच्छ. झोपलो.

मग मागची लिफ्ट बंद पडली. तिचं काम निघालं, ते आठवडाभर चाललं. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई, वय साठीच्या आसपास, गुडघे दुखणारे, रोज सहा मजले चढून यायच्या. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, त्याही बोलल्या नव्हत्या, मी दार उघडलं तेव्हा त्या धापा टाकत होत्या म्हणून कळलं. त्या वेळी माझ्या टेबलावर ‘स्मृतिचित्रे’ होतं, एका लेखासाठी काढलेलं. आणि मला दिसलं, की लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं कुठेही गेलेलं नाही. ते आमच्या लिफ्टमध्ये चढलंय. त्या ठरावावर माझी सही आहे, आणि माझ्या रात्रीच्या झाड्यात त्याचा मागमूस नव्हता. माझी यादीच अशी होती, की तीत हे पाप मावतच नव्हतं.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. यादी करून पाप टाळणाऱ्याचं काय होतं? जे यादीत नाही ते त्याला दिसत नाही. कॅथलिक उपासनेत पापकबुलीची जी प्रार्थना आहे, तिच्यात केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींचीही कबुली आहे. तोंडानं आपण ती दर रविवारी देतो. पण न केलेल्या गोष्टींची यादी करता येत नाही, कारण ती अनंत आहे. ती दिसण्यासाठी यादी उपयोगी पडत नाही, समोरचा माणूस दिसावा लागतो. नंतर मी कमिटीत तो ठराव पुन्हा काढला. वाद झाला, दोन शेजारी अजूनही माझ्याशी बेताचंच बोलतात. ठराव रद्द झाला. यात माझा काही मोठेपणा नाही. साठ वर्षांच्या बाईनं तीन दिवस सहा मजले चढल्यावर मला जाग आली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मंडळ्यांमध्येही सोवळं आहे, ते बोलायला हवं. तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही, असं एके काळी काही घरांत होतं. त्यातलं पुष्कळ चांगलंही होतं, दारूनं मोडलेली घरं मी पाहिली आहेत. पण त्याच घरांत लग्न जुळवताना ‘आपल्यातलंच’ बघितलं जायचं, आणि ‘आपल्यातलं’ म्हणजे नुसतं ख्रिस्ती नव्हे, बाप्तिस्म्याच्या आधीची जातसुद्धा. तीन-तीन पिढ्या झाल्या तरी. पेला एक झाला. पंगत एक झाली. पोरगी द्यायची वेळ आली की मात्र वंशावळ निघते. कबुलीच्या वेळी हे कोणी कबूल करत असेल असं मला वाटत नाही, कारण हे पाप आहे हेच कोणाच्या गावी नसतं.

याच्या उलट ‘स्मृतिचित्रे’तलं नगर आठवा. प्लेगचे दिवस. मुंबईत १८९६ला प्लेग आला आणि मग तो दख्खनभर पसरला. आपल्याकडे वांद्र्यापासून पुढे गावठाणांच्या गल्ल्यांतून जे जुने क्रूस उभे आहेत, त्यातले कितीतरी त्या प्लेगच्या काळातले. लोकांनी तेव्हा हात जोडले, ते स्वाभाविक होतं. लक्ष्मीबाई नगरला त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. ज्या घरात बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे, त्या घरची ही मुलगी! संसर्ग ही गोष्ट खरी आहे, सोवळ्यासारखी कल्पित नाही. त्या खऱ्या संसर्गात ती हात घालते. आणि सांगताना आव नाही, ‘मी सेवा केली’ असा सूर नाही. काय झालं, कोण आजारी पडलं, कोण वाचलं, एवढंच. पुढे अनाथ मुलं घरी आणली, ती कोणाची, कोणत्या जातीची, हा प्रश्न नाही. विश्वासू असणं म्हणजे काय, याची व्याख्या मला विचाराल तर मी हीच पानं काढून देईन.

इथवर मी पुस्तकाची वकिली केली. आता टीका, नाहीतर ही समीक्षा कसली?

मी हे पुस्तक अनेक वर्षं क्षमेचं पुस्तक म्हणून शिकवलं. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, पण संसारात अवघड गृहस्थ. रागीट. न सांगता घर सोडून निघून जाणारे. घरात पैसा टिकू न देणारे, दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. लक्ष्मीबाई हे सारं विनोदानं सांगतात. मी वर्गात म्हणायचो, बघा, क्षमा करावी तर अशी. एकदा व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, “सर, मलाही हेच सांगतात. सहन कर, क्षमा कर, लक्ष्मीबाईंनी नाही का केलं? पण मला विनोद सुचत नाही. मग मी पापी का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचलं. तेव्हा लक्षात आलं की मी वाचनात घोटाळा केला होता. एक तर हे पुस्तक प्रसिद्ध होऊ लागलं तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ते १९१९च्या मे महिन्यात गेले. जे हसू पानावर आहे ते त्या दिवसाचं नाही, पंधरा-वीस-चाळीस वर्षांनंतरचं आहे. मूळ दिवशी भीती होती, उपास होता, पोर कडेवर होतं. दुसरं, लक्ष्मीबाई सहन करून गप्प बसत नाहीत. भांडतात, बोलतात, आणि शेवटी सगळं लिहून छापतात! नवऱ्याचा राग महाराष्ट्राला सांगणं ही मुकी क्षमा नव्हे. आणि तिसरं, पुस्तकाच्या विरोधातलं: त्या विनोदामुळे टिळकांची सुटका फार लवकर होते. वाचक हसला की न्यायाधीश उठून जातो. लक्ष्मीबाईंनी टिळकांना जेवढं सोडलं, त्याहून जास्त आपण वाचकांनी सोडलं. तो हक्क आपल्याला नव्हता. क्षमा करण्याचा हक्क ज्याचं दुखलं त्याचा. पाळकाचा नाही, प्राध्यापकाचा नाही, समीक्षकाचाही नाही. त्या बाईंना मी पुढे कळवलं, की तुम्ही पापी नाही, मी वाचक म्हणून कच्चा होतो.

‘क्षमा कर’ हे ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं ज्याच्या हातात काही नाही त्याला सांगायचं नसतं. मत्तयातल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हा शब्द आहे, लूककडे ‘पाप’ आहे. मत्तयाचा शब्द मला जास्त नेमका वाटतो. ऋण म्हटलं की देणेकरी कोण, घेणेकरी कोण, हे विचारावं लागतं. पाप म्हटलं की ते माझं आणि देवाचं खासगी प्रकरण होतं, आणि ज्याचं देणं बुडवलं तो माणूस बाजूलाच राहतो.

आता शेवटची शंका. मग नियम नकोतच का? आज्ञा मोडून टाकायच्या? असं माझं म्हणणं नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मभगिनी त्यांच्या आध्यात्मिक पालक होत्या, त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून मोठा वाद झाला. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसऱ्या पुरोहितशाहीचं घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अधिकाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. पण त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदनात स्वतःला केवढ्या शिस्तीत बांधून घेतलं! शेकडो दुष्काळग्रस्त मुली-बायका, शेती, छापखाना, आणि वयाच्या उतारावर हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर. १९०७च्या आपल्या निवेदनात त्या लिहितात त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त नंतर. नियम त्यांनाही होते. फरक एवढाच, की ते कोणासाठी आहेत हे त्यांना माहीत होतं. कुंपण पिकासाठी असतं. पीक न पेरता नुसतंच कुंपण बांधत राहिलं की त्याचं सोवळं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा, आणि या वेळी धर्माचं पुस्तक म्हणून वाचा. त्यात वडील पाप टाळत राहिले आणि मुलगी विश्वासू झाली. दोघंही आपल्यात आहेत. माझ्यात तर नक्की आहेत.

वेळ संपली. एक प्रश्न घेतो, मागून चिठ्ठी आली आहे. “सर, मग रात्रीचा झाडा तुम्ही आता घेता की सोडला?”

घेतो. सवय मोडत नाही, आणि मोडायचं कारणही नाही. पण प्रश्न बदलला. आधी विचारायचो, आज माझ्या हातून काय वाईट घडलं? आता विचारतो, आज कोण माझ्या भरवशावर होतं, आणि मी तिथे होतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा ‘काही नाही’ असं यायचं, आणि झोप छान लागायची. दुसऱ्याचं उत्तर तसं कधी येत नाही. झोप जरा उशिरा लागते. माझ्या वयात ती तशीही उशिराच लागते, तेव्हा फार तोटा नाही.

चहा बाहेर ठेवला आहे.